न झालेले लढाऊ विमान

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्ध भारतीय सैन्याची कारवाई झाली, तेव्हा लातूर, नळदुर्ग, बिदर या पट्ट्याच्या आकाशात लढाऊ विमाने एकाच बाजूची होती. भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. त्यांना अडवायला कोणी वर आले नाही, कारण येण्यासारखे कोणी नव्हतेच. निजाम मीर उस्मान अली खान जगातल्या अतिश्रीमंतांत गणला जाई. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वाड्रनची विमाने हैदराबादच्या पैशातून आली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या १५२ व्या स्क्वाड्रनलाही ‘हैदराबाद’ हेच नाव होते आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते. बेगमपेठेत फ्लाइंग क्लब होता, टाटांच्या भागीदारीत उभी राहिलेली डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी होती. तरीही संस्थानाकडे एकही लढाऊ विमान नव्हते.

संगणकावरच्या हवाई युद्धाच्या सिम्युलेटरमध्ये कोणी लातूरच्या आकाशातली टेम्पेस्टची झुंज रंगवायला बसले, तर पहिली अडचण हीच येते: समोर उडवायचे काय? अशा वेळी विमान कल्पावे लागते. इतिहासात एखादी गोष्ट वेगळी घडली असती तर काय बनले असते, असा प्रश्न विचारून घडवलेल्या विमानांची या खेळांत जुनी परंपरा आहे. १९९१ च्या ‘सीक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्टवाफे’ने जर्मनीची अर्धवट राहिलेली विमाने खेळाडूंच्या हाती दिली. २००० मधल्या ‘क्रिम्सन स्काइज’ने अमेरिकेचे तुकडे झाल्याचे मानून पंख्याच्या विमानांचे अख्खे जग रचले. २००६ मधल्या ‘आयएल-२ स्टुर्मोविक: १९४६’ने युद्ध आणखी वर्षभर लांबले असते तर काय, हे उडवून दाखवले. यांतली काही विमाने खरी वाटतात, काही खेळण्यासारखी. हा फरक चित्रकलेचा क्वचितच असतो. खऱ्या वाटणाऱ्या विमानामागे कोणी तरी हिशेब मांडलेला असतो.

वळण कुठे घ्यायचे

पहिला हिशेब इतिहासाचा. वळण जितके लहान तितके विमान खरे वाटते. ‘निजामाने गुप्तपणे जेट विमान बनवले’ हे वळण नव्हे, ती परीकथा. त्यासाठी कारखाना, धातू, अभियंते आणि दहा वर्षे, सगळेच कल्पावे लागते.

लहान वळण मराठी माणसाच्या परिचयातल्या एका कारखान्यात सापडते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जुळवलेले हार्लो हे प्रशिक्षण विमान उडाले. जुलै १९४२ मध्ये तिथूनच कर्टिस हॉक हे एका पंख्याचे लढाऊ विमान उडाले. मूळ मागणी चीनची होती. म्हणजे भारतात लढाऊ विमान जुळवण्याचे काम स्वातंत्र्याच्या पाच वर्षे आधी सुरू झाले होते. पण हॉक मोजकीच बनली. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचले होते, आणि नव्या विमानांपेक्षा मोडलेली विमाने लवकर दुरुस्त होणे सरकारला महत्त्वाचे वाटले. सरकारने कारखान्याचा कारभार हाती घेतला आणि पुढे तो अमेरिकी हवाई दलाचा मोठा दुरुस्ती तळ झाला.

त्या कारखान्यात आरेखन करू शकणारा माणूसही होता. कोल्हापूर भागातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. पंखाभोवतीची हवा कशी वागते, हे ज्यांनी जगाला शिकवले ते हे प्रांटल. घाटगे यांनी युद्धकाळातच बंगळूरला एक मोठे ग्लायडर आरेखित केले. त्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. पर्यायी इतिहास रचणाऱ्यांना अशा ठिकाणी कुर्ट टँक आठवतो. फोके-वुल्फ १९० चा हा आरेखनकार पुढे बंगळूरलाच आला आणि त्याने मरुत विमान घडवले, हे खरे. पण तो आला १९५६ मध्ये. तोवर पंख्याच्या लढाऊ विमानांचे दिवस सरले होते. त्याला दहा वर्षे आधी आणण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. घाटगे हाताशी असताना त्याची गरज नाही.

तर वळण असे: हॉकची जुळणी थांबली नाही. १९४३ पासून त्याच साच्यांवर घाटगे यांच्या हाताखाली एक सुधारित विमान तयार झाले आणि १९४६ मध्ये त्यांतली बारा हैदराबादने विकत घेतली. या काल्पनिक विमानाला ‘ससाणा’ म्हणू.

वळणाची किंमत मोजावी लागते, हे मात्र बरेचदा विसरले जाते. बंगळूरच्या हातांनी नवी विमाने बनवली तर जुनी दुरुस्त होणार नाहीत, आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर रसद टाकणारी डकोटा मालवाहू विमाने तितकी कमी पडतील. चांगला रचनाकार हे नोंदवून ठेवतो, म्हणून तो ससाण्याची संख्या शेकड्यांत नेत नाही.

इंजिन आधी, विमान नंतर

लढाऊ विमान कागदावर नाकापासून काढायला सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे, कारण नाकात इंजिन असते. नवे विमान एक-दोन वर्षांत आकाराला येऊ शकते, नवे शक्तिशाली इंजिन घडवायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. त्यामुळे कल्पनेतल्या देशालाही खरेच इंजिन वापरावे लागते, आणि ते त्या काळी, त्या जागी मिळणारे हवे.

टेम्पेस्ट-२ मध्ये ब्रिस्टल सेंटॉरस होते: अठरा सिलिंडर, सुमारे २,५०० अश्वशक्ती, वजन सव्वाबाराशे किलोच्या आसपास. ते ससाण्यात बसवून टाकावे असे वाटणे साहजिक आहे. १५२ वी ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन स्वतः १९४६ मध्ये भारतात टेम्पेस्टच उडवत होती, हा इतिहासाचा विनोदही हाताशी आहे. पण ती इंजिने ब्रिटनमधून येत होती आणि ब्रिटिश दलाच्या हिशेबात होती. शिवाय हॉकच्या नाकात इतके जड इंजिन बसवले तर विमानाचा तोलबिंदू पुढे सरकतो. तो फार पुढे गेला की शेपटीची पट्टी पूर्ण ओढूनही नाक वर येत नाही.

भारतात त्या वेळी भरपूर असलेले इंजिन दुसरेच होते: अमेरिकेचे प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प. चौदा सिलिंडर, सुमारे तीस लिटर, १,२०० अश्वशक्ती. डकोटात हेच, लिबरेटर बॉम्बफेकी विमानात हेच, कॅटॅलिना समुद्री विमानातही हेच. ही तिन्ही विमाने बंगळूरला दुरुस्तीला येत असत. डेक्कन एअरवेजची विमानेही डकोटाच, त्यामुळे सुटे भाग आणि इंजिन जाणणारे मेकॅनिक हैदराबादेतही होते. ससाण्याला ट्विन वास्प लावायचे ठरले की निम्मे आरेखन आपोआप ठरते.

या इंजिनावर लढाऊ विमान बनवण्याचा प्रयोग ज्या देशांनी नाइलाजाने केला, त्यांतले दोन इथे पाहण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी १९४२ मध्ये मागणी नोंदवून मे अखेरीस बूमरँग उडवले. घाईत प्रशिक्षण विमानाचे भाग वापरल्यामुळे त्याचा वेग ताशी ४९० किलोमीटरच्या आसपास अडकला. स्वीडनला कोणी विमाने विकेना, तेव्हा त्याने याच इंजिनाची विनापरवाना नक्कल केली आणि जे-२२ नावाचे छोटे, गुळगुळीत विमान बनवले. १,०६५ अश्वशक्तीवर ते ताशी ५७५ किलोमीटर जाई.

इंजिन जवळपास तेच, मग वेगात इतका फरक का? वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या अडथळ्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. म्हणून शक्ती दुप्पट केली तरी वेग सुमारे २६ टक्केच वाढतो. हाच नियम उलटा लावला तर दिसते की बूमरँगचा अडथळा जे-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असला पाहिजे. नव्या रचनाकारांना हे पटायला जड जाते. ते शक्ती वाढवत सुटतात, आणि त्यांचे विमान सिम्युलेटरमध्ये अपेक्षेपेक्षा हळूच उडते.

इंजिनाला उंचीचीही मर्यादा असते. वर हवा विरळ होते, सिलिंडरला प्राणवायू कमी मिळतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनावरच चालणारा हवा कोंबणारा पंखा. तो ही तूट भरून काढतो, पण ठरावीक उंचीपर्यंतच. डकोटाच्या ट्विन वास्पचा सुपरचार्जर मालवाहू विमानाच्या बेताचा होता. सुमारे सव्वादोन हजार मीटरवर त्यातून १,०५० अश्वशक्ती मिळे, त्यापुढे ती घसरत जाई. टेम्पेस्ट आपला ताशी ७१० किलोमीटरचा सर्वोच्च वेग साडेचार हजार मीटरवर गाठत असे. लढाईचा निकाल या दोन आकड्यांत बराचसा दडला आहे: खाली ससाणा जिवंत राहू शकतो, वर नाही.

पंख आणि वजन

विमानाचे वजन पंखाच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात बैलगाडीचे अरुंद चाक रुतते आणि ट्रॅक्टरचे रुंद टायर त्याच चिखलावर तरते. हवेतही वजन जितक्या मोठ्या क्षेत्रावर पसरेल तितके विमान कमी वेगात तरते आणि कमी जागेत वळते. बाकी सारे सारखे असेल तर वळणाची त्रिज्या पंखभाराच्या प्रमाणात वाढते.

टेम्पेस्टचे वजन सुमारे ५,३५० किलो आणि पंख २८ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला १९१ किलो. ससाण्यासाठी जे-२२ चे १६ चौरस मीटरचे पंख थोडे वाढवून १८ करता येतात आणि वजन २,९०० किलोवर धरता येते. पंखभार १६१ येतो. ससाण्याचे वळण त्यामुळे साधारण सोळा टक्क्यांनी आवळ बसते. मोठ्या पंखाचा दंड वेगात भरावा लागतो. १,०५० अश्वशक्ती, सव्वादोन हजार मीटरची हवा आणि जे-२२ चा खरा अनुभव एकत्र मांडला तर वेग ताशी ५५० किलोमीटरच्या आसपास येतो. त्याला ६५० करण्याचा मोह झाला, तर इंजिन बदलल्याशिवाय किंवा भौतिकशास्त्र बदलल्याशिवाय ते होत नाही.

वजनाचा हट्टी स्वभाव इथे ध्यानात घ्यावा लागतो. टेम्पेस्टसारख्या चार २० मिलिमीटरच्या हिस्पानो तोफा लावल्या तर नुसत्या तोफांचेच दीडशे किलोहून जास्त होतात. ते पेलायला पंखाचा कणा जाड करावा लागतो, जाड कण्याने वजन वाढते, वाढल्या वजनाला जास्त पेट्रोल लागते, पेट्रोलला मोठी टाकी लागते. सुरुवातीची वाढ अशी फिरत फिरत दुप्पट-तिप्पट होऊन परत येते. म्हणून ससाण्याला अमेरिकी अर्धा इंची ब्राउनिंग मशिनगन जास्त शोभतात. चार मशिनगन एकूण हजार गोळ्यांसह अडीचशे किलोच्या आसपास बसतात, आणि युद्धानंतर अमेरिकी सामान भारतात पडून होतेच.

बांधणी कशाची? स्वीडनने जे-२२ चे अंग पोलादी नळ्यांवर प्लायवूड चढवून केले. किनवटच्या जंगलातला सागवान आठवून तोच मार्ग इथे सुचतो. तो टाळलेला बरा. १९४४ मध्ये भारतातल्या लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख सांध्यांत उकलल्याच्या घटना घडल्या आणि ती विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. ऊन, दमट हवा आणि डिंकाचे सांधे यांचे जमत नाही. ससाणा हॉकसारखाच पत्र्याचा राहतो.

पंख्याचे टोक

पंख्याच्या विमानांना वेगाची एक छुपी मर्यादा असते. पाते फिरते आणि त्याच वेळी विमानाबरोबर पुढेही जाते, त्यामुळे त्याच्या टोकाचा एकूण वेग विमानापेक्षा कितीतरी जास्त असतो. टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवा दबून धक्क्याच्या लाटा उठतात आणि इंजिनाची शक्ती आवाजात वाया जाते.

ट्विन वास्प मिनिटाला २,७०० फेरे घेते. दातेरी चाकांची जोडणी १६ ला ९ या प्रमाणात ते कमी करते, त्यामुळे पंखा सुमारे १,५२० फेरे फिरतो. तीन मीटर व्यासाच्या पंख्याचे टोक त्यामुळे सेकंदाला २३८ मीटर वेगाने गोल फिरते. विमान ताशी ५५० किलोमीटरने जात असेल तर त्यात सेकंदाला १५३ मीटरची भर काटकोनात पडते. दोन्ही मिळून २८३ मीटर होतात, म्हणजे त्या उंचीवरच्या ध्वनिवेगाच्या सुमारे ८५ टक्के. हे चालते. डकोटाचा साडेतीन मीटरचा पंखा तसाच काढून लावला तर तेच टोक ९६ टक्क्यांवर जाते. शिवाय तो छोट्या विमानाखाली जमिनीला टेकण्याची भीती वेगळीच. इंजिन डकोटाचे चालते, पंखा चालत नाही.

---
चौकट: ससाणा आणि टेम्पेस्ट-२

ससाणा (काल्पनिक): १,२०० अश्वशक्ती, २,९०० किलो, पंख १८ चौ. मी.; पंखभार १६१; दर अश्वशक्तीमागे २.४ किलो; वेग ताशी सुमारे ५५० किमी, सव्वादोन हजार मीटरवर; चार अर्धा इंची ब्राउनिंग.

टेम्पेस्ट-२ (खरे): सुमारे २,५०० अश्वशक्ती, ५,३५० किलो, पंख २८ चौ. मी.; पंखभार १९१; दर अश्वशक्तीमागे २.१ किलो, वेग ताशी सुमारे ७१० किमी, साडेचार हजार मीटरवर, चार २० मिमी हिस्पानो.

ससाणा आवळ वळतो. टेम्पेस्ट चढतो, पळतो आणि सूर मारतो.
---

सिम्युलेटरला विमान कळते कसे

संगणकाला ससाण्याचे चित्र दिसत नाही. त्याला आकडे लागतात, आणि ते देण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत.

पहिली तक्त्यांची. विमानाचे नाक येणाऱ्या हवेशी किती अंशाचा कोन करते त्यानुसार पंख किती उचल देतो, किती अडथळा करतो, याचे तक्ते फाइलमध्ये लिहायचे. फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरमधले जेएसबीसिम हे गणित असेच चालते. वजन, तोलबिंदू, टाक्यांच्या जागा, इंजिन आणि पंखा हे सारे त्यात शब्द आणि आकड्यांत असते. संगणक सेकंदाला शंभराहून अधिक वेळा हे तक्ते वाचतो, सर्व बले जोडतो आणि विमान किंचित पुढे सरकवतो. दुसरी पद्धत एक्स-प्लेनची. तिथे पंख आणि पंख्याचे पाते यांचे अरुंद काप करून प्रत्येक कापावरचे बल स्वतंत्रपणे काढतात. रचनाकाराने आकार द्यायचा, वागणूक गणितातून निघते. काल्पनिक विमानाला ही दुसरी पद्धत सोयीची, कारण न उडालेल्या विमानाचे चाचणीचे तक्ते कुठून आणणार? तक्त्यांची पद्धत निवडली तर ते हॉक किंवा जे-२२ सारख्या सख्ख्या नातेवाइकांकडून उसने घ्यावे लागतात.

विमान फाइलमध्ये भरले की ते उडवण्याआधी हाताने काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. स्टॉल म्हणजे पंखावरून हवा सुटून उचल कोसळण्याची अवस्था. ससाण्याचा स्टॉल समुद्रसपाटीच्या हवेत, फ्लॅप बंद असताना, ताशी १५० किलोमीटरच्या आसपास यायला हवा. सिम्युलेटरमध्ये तो १२० ला आला तर कुठेतरी वजन कमी किंवा उचल जास्त भरली गेली आहे. सर्वोच्च वेग पहिल्या दिवशी हवा तेवढा आला तर आनंदापेक्षा संशय येणे बरे, कारण दोन चुका एकमेकींना झाकून बरोबर उत्तर देतात. म्हणून वेग एकाच उंचीवर न मोजता जमिनीलगत, सव्वादोन हजारांवर आणि पाच हजारांवर मोजतात. ससाण्याचा वेग सव्वादोन हजारांच्या पुढे पडलाच नाही, तर सुपरचार्जरची मर्यादा फाइलमध्ये शिरलेली नाही.

मग येतात विमानाच्या खोडी. अमेरिकी इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याचा पिळदार झोत शेपटीच्या डाव्या अंगावर आदळतो आणि उड्डाणाच्या धावेत नाक डावीकडे वळू पाहते. वैमानिकाने उजवा पाय दाबून धरायचा असतो. अशा खोडी काढून टाकल्या की विमान उडवायला सोपे होते आणि चार दिवसांत कंटाळवाणेही.

मराठवाड्याची हवा

आकाश कुठलेही असले तरी सारखेच, असे मानून नकाशा केला की ससाणा युरोपातल्यासारखा उडतो. बिदरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. मे महिन्यात तिथे तापमान ४२ अंशांवर गेले तर हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा पंधरा टक्क्यांनी कमी भरते. विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू सतराशे मीटर उंचीवर आहे. उड्डाणासाठी लागणारा खरा वेग नऊ टक्क्यांनी वाढतो, इंजिनाची शक्ती आणि पंख्याची ओढ मात्र कमी झालेली असते, त्यामुळे धाव बरीच लांबते. सप्टेंबरच्या तीस अंशांतही घनता बारा टक्के कमीच राहते. हे आकडे हवामानाच्या फाइलमध्ये भरले की भरल्या टाक्यांचा ससाणा धावपट्टीच्या टोकापर्यंत घाम फोडतो.

नकाशावरच्या चुका याहून सोप्या असतात आणि म्हणून जास्त दिसतात. नांदेडचा विमानतळ १९५८ चा, लातूरचा १९९१ चा. १९४८ च्या नकाशात दोन्ही असता कामा नयेत. नांदेडला गोदावरी, लातूरजवळ मांजरा आणि पश्चिमेला बालाघाटचे डोंगर, वरून वाट ओळखायला एवढ्या खुणा पुरतात. ढगांखालून उडणाऱ्याला रेल्वेचे रूळ त्याहून उपयोगी.

तळ, रूळ आणि पिंपे

रुळांवरूनच तळाची जागा ठरते. लातूरला १९११ पासून पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद मापाची, अडीच फुटांची होती. इंजिनाचे खोके आणि पेट्रोल तिच्यावरून आणायचे तर कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा भरावे लागे, आणि कुर्डुवाडी संस्थानाबाहेर. नांदेड मनमाड–सिकंदराबाद मार्गावर होते, पण तो मीटर गेज आणि त्याचे पश्चिमेचे तोंड भारताच्या हद्दीत. विकाराबादहून बिदर, उदगीर, लातूर रोडवरून परळीला जाणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज आणि हैदराबादशी सरळ जोडलेला. ससाण्याचा तळ बिदरला ठेवणे एवढ्यानेच पटते. धावपट्टीही तिथे खरोखर होतीच. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून संस्थानात शस्त्रे उतरवली, तेव्हा अशाच धावपट्ट्या कामी आल्या.

पुण्याहून लातूर सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, बिदरहून सुमारे ११०. टेम्पेस्ट पुण्याहून निघाले असे धरले तर ताशी ४०० किलोमीटरने त्यांना चाळीस-बेचाळीस मिनिटे लागतात, ससाण्याला सतरा. कागदावर हा फायदा मोठा दिसतो, पण तो घ्यायला टेम्पेस्ट निघाल्याचे कळले पाहिजे. रडार नाही, म्हणून सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांनी तारेने किंवा टेलिफोनने कळवायचे. विमाने डोक्यावरून गेल्यावर कळवले, तर तोवर ती अर्ध्या वाटेच्या पुढे असतात. मोहिमेच्या फाइलमध्ये हा उशीर घालणे फार महत्त्वाचे. तो नसला तर संगणकाचे वैमानिक अंतर्ज्ञानी होतात.

बारा ससाणे आले म्हणून सप्टेंबर १९४८ चा निकाल बदलत नाही, हेही हिशेबातूनच दिसते. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन आहे, त्यामागे रझाकार या सशस्त्र संघटनेचा जाच सोसलेली आणि त्याविरुद्ध लढलेली खरी माणसे आहेत. त्या आठवड्याचा खेळ करताना बदल विमानापुरता ठेवणे आणि गावांना निशाण्याच्या यादीत न घालणे, हे औचित्य रचनाकाराने पाळायला हवे.

निकाल ठरतो पेट्रोलवर. ट्विन वास्पला उच्च ऑक्टेनचे विमान-पेट्रोल लागते. मोटारीचे भरले तर सिलिंडरमध्ये इंधन वेळेआधी भडकून पिस्टन फुटतो. हैदराबादला समुद्रकिनारा नव्हता, आणि १९४८ मध्ये भारताने चहूबाजूंनी माल अडवला होता. चढाई, झुंज आणि परती धरून तासाभराच्या एका उड्डाणाला सुमारे तीनशे लिटर लागतात, म्हणजे दोनशे लिटरचे दीड पिंप. बारा विमाने दिवसाला तीन वेळा उडाली तर ५४ पिंपे संपतात. मोहिमेच्या सुरुवातीला बिदरच्या साठ्यात दीडशे पिंपे ठेवली आणि एकही बॉम्ब त्यांवर पडला नाही असे धरले, तरी १३ सप्टेंबरला सकाळी उडालेले ससाणे १५ तारखेच्या संध्याकाळी टाक्या रिकाम्या करून उभे राहतात.